‘सेवा’ हा शब्द ठेवायचा की काढायचा?

कुठल्याही नर्सिंग कॉलेजच्या दारातून आत शिरलं की समोर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे हातात दिवा धरलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल, आणि दुसरी, तिच्या शेजारी टांगलेली ‘आमचे ध्येय व आमची मूल्ये’ अशी पाटी. पहिलीकडे येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. दुसरी सहसा कुणी वाचत नाही. वाचली तरी तीत ‘उत्कृष्टता’, ‘समर्पण’, ‘जागतिक दर्जा’ असे शब्द असतात. हेच शब्द इंजिनिअरिंग कॉलेजच्या नाहीतर सहकारी बँकेच्या भिंतीवर लावले तरी कुणाला शंका यायची नाही!

या पाट्यांचं पीक अलीकडे वाढलं, त्याला कारण आहे. १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन झाली. सगळे तिला ‘नॅक’ म्हणतात. ही परिषद कॉलेजांची तपासणी करते, आणि तुमचं ध्येय काय, मूल्यं कोणती, हेही विचारते. मग घाईघाईने समिती नेमली जाते, चार कॉलेजांच्या पाट्या समोर ठेवल्या जातात आणि पाचवी तयार होते.

अशाच एका समितीत मी दोन वर्षांपूर्वी जाऊन बसले. एका विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज, जिल्ह्याच्या गावचं. तिथल्या प्राचार्याबाई आमच्या साप्ताहिकाच्या जुन्या वाचक. त्यांचा फोन आला, “तुम्ही लिहिणाऱ्या आहात, शिवाय बाहेरच्या. आमच्या मसुद्यावरून जरा हात फिरवाल का?” एरवी मी काहीतरी सबब सांगितली असती. पण नेमकं त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीकडे रामायण सुरू झालं होतं. भाचीला बारावीला सत्याऐंशी टक्के मिळाले होते आणि तिला नर्सिंगलाच जायचं होतं. ताई फोनवर रडायच्या बेतात होती. “एवढे मार्क मिळवून लोकांची बेडपॅनच उचलायची का हिनं? तू पेपरवाली, तूच समजाव.” कुणाला काय समजवायचं ते ठरवण्याआधी, असं कॉलेज आपल्या मुलींना काय घडवायचं म्हणतं ते त्यांच्याच तोंडून ऐकावं, असं मला वाटलं.

समितीत प्राचार्याबाई, दोन शिकवणाऱ्या बाई, कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयाच्या मेट्रन, एक सर्जन, विद्यापीठ कार्यालयातले एक साहेब, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनी आणि मी. मसुद्यात चौदा मूल्यं होती. चौदा! मेट्रन निवृत्तीला आल्या होत्या, त्यामुळे त्यांना कुणाची भीडभाड नव्हती. त्या कागद बाजूला सारून म्हणाल्या, “एवढी मूल्यं मला माझ्याच अंगी सापडायची नाहीत. असं करू या. रात्रीचे दोन वाजलेत, बारा नंबरच्या खाटेवर तुमची आई आहे. सिस्टरनं काय करावं असं तुम्हाला वाटतं? प्रत्येकानं एकच गोष्ट लिहा.”

त्या चिठ्ठ्या चौदा मूल्यांपेक्षा कितीतरी बोलक्या निघाल्या. हाक मारल्यावर यावं. अंगावरचं काढण्याआधी पडदा ओढावा. हात धुऊनच जवळ यावं. ‘आजी, किती वेळा सांगायचं!’ असं वैतागून बोलू नये. ऑफिसातल्या साहेबांनी लिहिलं होतं, ‘काय चाललं आहे ते नातेवाइकांना एका वाक्यात सांगावं.’ (पुढे कळलं, त्यांचे वडील नुकतेच तीन आठवडे आय.सी.यू.त काढून घरी आले होते.) सर्जनची चिठ्ठी सगळ्यांत वेगळी होती. ‘काही बिनसतंय असं वाटलं तर मला न घाबरता उठवावं.’

त्या शेवटच्या चिठ्ठीपाशी खरी चर्चा सुरू झाली. कारण घाबरू नका म्हणून मुली घाबरायच्या थांबत नाहीत. ती भीती त्यांना शिकवलेली असते, आणि तिला चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली नाइटिंगेलबाईंच्या नावानं शाळा निघाली ती पंधरा मुलींवर. क्रिमियाच्या युद्धातल्या कामाबद्दल लोकांनी वर्गणी काढून जो निधी जमवला होता, त्याच्यावर ही शाळा उभी राहिली. तिथली मेट्रन दर महिन्याला प्रत्येक मुलीचा तक्ता भरायची. एका बाजूला मलमपट्टी, बिछाना घालणं, रुग्णाचं निरीक्षण; दुसऱ्या बाजूला वेळ पाळणं, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा. म्हणजे मूल्यं भिंतीवर टांगायच्या आधी ती तक्त्यात भरली जात होती आणि तपासलीही जात होती. हे मला फार आवडलं. मात्र त्या तक्त्यात शांतपणाला रकाना होता, शंका विचारण्याला नव्हता.

दिवे पेटवून परिचारिका जी ‘नाइटिंगेल प्रतिज्ञा’ घेतात, ती मुळात नाइटिंगेलबाईंनी लिहिलेलीच नाही, हेही मला तिथेच कळलं. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या हार्पर रुग्णालयातल्या शाळेसाठी लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीनं ती तयार केली. तीत रुग्णाची गुपितं जपण्याचं वचन आहे, हानिकारक औषध न देण्याचं आहे, आणि डॉक्टरांना निष्ठेनं साथ देण्याचंही आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनं १९५३ साली नीतिसंहिता केली, तीतही डॉक्टरांच्या आज्ञा निष्ठेनं पाळण्याचं कलम होतं. १९७३ च्या सुधारणेत ते गेलं आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी रुग्णाशी, असं स्पष्ट लिहिलं गेलं. एवढ्या एका वाक्यासाठी वीस वर्षं लागली! आपल्याकडे कित्येक वॉर्डांत ते अजून पोहोचायचं आहे.

दुपारी चहा-चिवडा झाल्यावर चौथ्या वर्षाच्या मुलीनं हात वर केला. “मॅडम, मसुद्यातून ‘सेवा’ हा शब्द काढता येईल का?”

खोलीत एकदम शांतता. ती चाचरत, पण पुढे बोलत राहिली. “सेवा म्हटलं की पगार विचारायचा नाही, जेवायला सुट्टी मागायची नाही, उलट बोलायचं नाही. डॉक्टर करतात ते उपचार आणि आम्ही करतो ती सेवा. चार वर्षं शरीरशास्त्र, औषधशास्त्र शिकून आम्ही येतो, ते कुणाच्या लक्षातच राहत नाही.”

मेट्रन दुखावल्या. “छत्तीस वर्षं मी केली ती सेवाच, बाळ. मला तिची लाज वाटली नाही.”

“लाज नाही हो मॅडम. पण तुम्हाला तरी क्वार्टर होतं आणि पेन्शन आहे. माझी बहीण खासगी दवाखान्यात आहे. तिथे तिला सेवा म्हणतात नि महिन्याला हातावर नऊ हजार ठेवतात.”

वाचकहो, या वादात मला दोघीही खऱ्या वाटल्या. आपल्याकडे या शब्दाला मोठी पुण्याई आहे. ठाण्याच्या बाई काशीबाई गणपत १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आल्या. पहिल्या भारतीय शिकाऊ परिचारिका म्हणून त्यांचं नाव नर्सिंगच्या इतिहासात घेतलं जातं. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ साली सुरू केलेल्या संस्थेचं नावच ‘सेवासदन’. तिथून विधवा आणि परित्यक्ता बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या, तेव्हा ‘परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार?’ म्हणून लोकांनी काय काय म्हटलं असेल, याची कल्पना करा. त्या बायकांना घराबाहेर पडायला ‘सेवा’ या शब्दानं वाट करून दिली. या शब्दापुढे टीका करणाऱ्यांचीही जीभ जरा अडखळायची.

पण १९४६ चा भोर समितीचा अहवाल पाहा. त्या वेळी देशात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका होती. परिचारिका वाढायला हव्या असतील तर त्यांच्या राहण्याची नि पगाराची स्थिती सुधारा, असं समितीनं तेव्हाच म्हटलं होतं. आणि २०१६ साली, म्हणजे सत्तर वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीला पुन्हा सांगावं लागलं, की पन्नास खाटांहून लहान खासगी रुग्णालयातसुद्धा परिचारिकेला वीस हजारांपेक्षा कमी पगार नसावा. समितीनं सांगितलं खरं. त्या मुलीच्या बहिणीपर्यंत ते पोहोचलेलं नव्हतं.

भाषेवर हात फिरवायला बोलावलेली मी, तेव्हा माझं काम करायची वेळ आली असं वाटून मी म्हटलं, “मराठीत दुसरा एक शब्द आहे, शुश्रूषा. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं. ऐकायची इच्छा असलेला शिष्य गुरूची सेवा करतो, म्हणून पुढे त्याचा अर्थ सेवा झाला आणि मग रुग्णाची काळजी घेणं.” साहेब लगेच म्हणाले, “अहो, पण तो शब्द लिहिता कुणाला येतो? आमच्या कार्यालयातच चार प्रकारे लिहितील.” हशा झाला. पण मेट्रन मान हलवत राहिल्या. “ऐकण्याची इच्छा. बरोबर आहे. निम्मं नर्सिंग तेच तर आहे.”

मग तिसऱ्या वर्षाच्या मुलीनं, जी सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती, एक प्रसंग सांगितला. तिची मेडिकल वॉर्डात रात्रपाळी होती. औषध देताना पाच गोष्टी ताडून पाहायच्या, हे त्यांना पहिल्या वर्षापासून घोकायला लावतात: रुग्ण तोच ना, औषध तेच ना, मात्रा बरोबर ना, देण्याचा मार्ग तोच ना, वेळ तीच ना. केसपेपरवरच्या आकड्यात दशांशाचं टिंब आहे की शाईचा डाग, ते तिला कळेना. टिंब असेल तर एक मात्रा, नसेल तर तिच्या दहापट. निवासी डॉक्टर घाईत होते. म्हणाले, “लिहिलंय तसं दे. शिकाऊ आहेस ना तू?” तिनं दिलं नाही. इंजेक्शन ट्रेमध्ये तसंच ठेवून वरच्या मजल्यावरच्या सिस्टरला बोलावून आणलं. ते टिंबच होतं.

“मग तुला शाबासकी मिळाली असेल!” मी म्हटलं.

“नाही. उद्धट वागले म्हणून शेरा मिळाला.”

प्राचार्याबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो शेरा त्यांच्याच कॉलेजच्या वहीत होता. सर्जन काही वेळ गप्प होते. मग ते म्हणाले, “असं असेल तर माझ्या चिठ्ठीचा काही उपयोग नाही.”

माझ्या मते त्या दिवशी ध्येय नि मूल्यं ठरवण्याचं काम खऱ्या अर्थानं तिथे सुरू झालं. कारण मूल्य मुलींनी पाळायचं आणि किंमतही मुलींनीच मोजायची, असा व्यवहार असेल तर ती पाटी लावून कॉलेज स्वतः मोकळं होतं. मुलींकडून धैर्य मागायचं तर त्या धैर्याला शेरा मिळणार नाही, एवढं तरी कॉलेजनं लिहून द्यायला हवं.

अरुणा शानबाग यांचं नाव त्या चर्चेत निघणारच होतं. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या या तरुण परिचारिकेवर १९७३ साली रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, त्या तिथेच एका खाटेवर होत्या. परिचारिकांच्या कितीतरी पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चार दिवस दुर्लक्ष झालं तरी पाठीला जखमा होतात. त्यांना एवढ्या वर्षांत त्या झाल्या नाहीत. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या शुश्रूषेचा गौरव केला. दर दोन तासांनी कूस बदलायची, हा पुस्तकातला नियम धरून मी कागदावर हिशेब मांडला. पावणेदोन लाख वेळांच्या पुढे आकडा जातो. यातली एकही वेळ कुठल्या पाटीवर लिहिलेली नव्हती. मेट्रन मात्र म्हणाल्या, “आम्ही तिची गोष्ट मुलींना सेवेसाठी सांगतो. पण ती कपडे बदलायला तळघरात एकटी का जात होती, हेही सांगायला हवं. तेव्हाच्या नर्सेसनी सुरक्षिततेसाठी संप केला होता, तेही सांगायला हवं.”

मग चर्चा ध्येयाकडे वळली, आणि इथे दोन जुनी उदाहरणं उपयोगी पडली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाची नर्सिंग शाळा १९२३ मध्ये निघाली. तिला स्वतःची अधिष्ठाता होती, स्वतःचे शिक्षक होते आणि स्वतःचा पैसा होता. तोवर बहुतेक शाळा रुग्णालयाच्या आश्रयाला असत, आणि वॉर्डात हात कमी पडले की शिकणाऱ्या मुलींना कामाला जुंपलं जाई. मुलगी काय शिकणार, हे तिच्या शिक्षणाच्या गरजेवरून ठरेल, वॉर्डाच्या गरजेवरून नाही, असं येलनं ठरवलं. आपल्याकडे दिल्ली आणि वेल्लोर इथे १९४६ मध्ये नर्सिंगची पदवी सुरू झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधली रीत तर विशेष आहे. तिथे शिकवणारे आणि वॉर्ड सांभाळणारे अशी दोन वेगळी माणसं नसतात. जी वर्गात शिकवते, तीच वॉर्डाची जबाबदारी घेते. त्यामुळे ‘पुस्तकात एक नि वॉर्डात भलतंच’ असं म्हणायला मुलींना फारशी जागा उरत नाही.

आमच्या समितीला येलसारखा पैसा आणता येणार नव्हता आणि वेल्लोरची घडी एका दिवसात बसणार नव्हती. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. जोडलेल्या रुग्णालयात ती किती रुग्णांमागे आहे, असं मी विचारल्यावर मेट्रननी नुसतं छताकडे पाहिलं. म्हणून ध्येयाचं वाक्य साधंच ठेवलं: इथून बाहेर पडणारी परिचारिका खेड्यातल्या उपकेंद्रातही आणि मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागातही स्वतःच्या बुद्धीनं निर्णय घेऊ शकेल, आणि शिकत असताना तिला वॉर्डातली फुकटची कामगार म्हणून वापरलं जाणार नाही. ‘फुकटची कामगार’ या शब्दांवर साहेबांनी बराच वेळ घासाघीस केली. विद्यापीठाच्या पाटीवर हे शोभेल का, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ‘मनुष्यबळाची उणीव भरून काढण्यासाठी’ असं लांबलचक झालं. मला ते आवडलं नाही, पण अर्थ राहिला.

चौदा मूल्यांची सहा वाक्यं झाली. हाक मारली की आम्ही येतो, लगेच येता आलं नाही तर किती वेळात येऊ ते सांगतो. अंगाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगतो आणि पडदा ओढतो. पाच गोष्टी ताडल्याशिवाय औषध देत नाही. शंका आली तर थांबतो आणि विचारतो, समोर कुणीही असो. चूक झाली तर त्याच पाळीत सांगतो. आणि सहावं कॉलेजच्या तोंडचं: थांबणाऱ्या, विचारणाऱ्या किंवा चूक सांगणाऱ्या विद्यार्थ्याला त्यासाठी शिक्षा होणार नाही. ‘कुणीही असो’ या शब्दांवर मतदान घ्यावं लागलं. सर्जननी बाजूनं हात वर केला, म्हणून ते टिकले असं मला वाटतं. वरती शीर्षक आलं ‘आमची शुश्रूषा’. ‘सेवा’ कुणी मुद्दाम काढला नाही, पण सहा वाक्यांत त्याची गरजही पडली नाही. जाताना मेट्रननी त्या चौथ्या वर्षाच्या मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि हळूच म्हणाल्या, “मी मात्र सेवाच म्हणणार हं.”

त्या मुलीच्या वहीतला शेरा प्राचार्याबाईंनी खोडला नाही. खाली लाल शाईनं काय घडलं ते लिहिलं आणि सही केली. मला हे खोडण्यापेक्षा बरं वाटलं.

ताईला मी काय सांगितलं? बेडपॅनबद्दल वाद घातला नाही. बेडपॅन उचलावीच लागते, आणि त्यात काय दिसतं यावरून रुग्णाचं बरं-वाईट कळतं, एवढं सांगितलं. भाचीला मात्र म्हटलं, प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचार. वॉर्डात तुमच्याबरोबर शिकवणाऱ्या बाई असतात का? रात्रपाळीत शिकाऊ मुलीवर एकटीवर वॉर्ड सोपवतात का? शिक्षण झाल्यावर बाँड लिहून घेऊन मूळ प्रमाणपत्रं अडकवतात का? (बाँडची ही पद्धत बंद करा, असं भारतीय परिचर्या परिषदेनं २०११ मध्येच कळवलं आहे.) “मावशी, असं विचारलं तर प्रवेश देतील का ते?” असं तिनं विचारलं. दुसऱ्या कॉलेजात दिला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डातल्या आयांनाही मावशीच म्हणतात, त्यामुळे माझा मान थोडा कमी झाला आहे, असं ती चिडवते.

गेल्या पावसाळ्यात प्राचार्याबाईंचं पाकीट आलं. वर्षाअखेर प्रत्येक वाक्याचा आढावा घ्यायचा, असं समितीनं ठरवलं होतं. सहा रकाने होते, आणि विद्यार्थ्यांनी नावं न लिहिता भरलेली उत्तरं. पडद्याचं उत्तर चांगलं होतं. कित्येक वॉर्डांत पडदेच नव्हते, ते आता आले होते. हाकेचं बरं होतं. त्याच पाळीत चूक सांगण्याचं निम्मं-निम्मं. शेवटी ध्येयातल्या त्या लांबलचक वाक्यावर प्रश्न होता: ‘मनुष्यबळाची उणीव भरून काढण्यासाठी विद्यार्थ्यांना एकट्यांनी वॉर्ड सांभाळावा लागला का?’ समोर ‘होय’ आणि तारखा. प्राचार्याबाईंनी त्या तारखा जशाच्या तशा टंकलिखित करून रुग्णालयाच्या अधीक्षकांना पाठवल्या होत्या, परिचारिकांच्या रिकाम्या पदांच्या मागणीसह. पत्राची एक प्रत माझ्यासाठी होती. तिच्या समासात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘शुद्धलेखन तपासून द्याल का? तिसरं स्मरणपत्र आहे.’